अर्ध्या तासानंतरची सभा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही नोंदणीकृत संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस काढून पाहा. वाचनालय असो, नाट्यमंडळ असो की ज्येष्ठ नागरिक संघ. विषयपत्रिकेखाली एक टीप बहुतेक असतेच. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने भरेल आणि तिला गणपूर्तीचं बंधन राहणार नाही. हेतू सरळ आहे, माणसं जमली नाहीत म्हणून कारभार अडू नये. पण आता पाचची सभा म्हणजे साडेपाचची, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. मधल्या वेळात चहा होतो. मग कार्यकारिणीचे सात-आठ जण, त्यांचे दोन स्नेही आणि नेहमीचे हरकत घेणारे एक गृहस्थ, एवढ्यांच्या साक्षीने शेकडो सभासदांच्या संस्थेचा वर्षाचा जमाखर्च सर्वानुमते मंजूर होतो. सूचक आणि अनुमोदक आधीच ठरलेले असतात.

याच सभेत अध्यक्ष हळहळतात, की हल्ली स्वयंसेवक मिळत नाहीत. मला हे पटत नाही. २०१६ साली पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाली. पुढच्या वर्षांत भर उन्हात कुदळ-फावडं घेऊन शहरांतली माणसंही शिवारात उतरली. पूर येवो, महामारी येवो, मदत घेऊन धावणारे हात इथे कधी कमी पडलेले नाहीत. मिळत नाही तो खजिनदार. पावतीपुस्तकं परत गोळा करणारा, व्हाउचरवर सही राहिली म्हणून तिसऱ्यांदा फोन करणारा, इतिवृत्त सभेनंतर आठवड्यात लिहून काढणारा माणूस मिळत नाही. या कामाचा फोटो निघत नाही.

आणि संस्था मोडतात त्या बऱ्याचदा याच कामावाचून. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्याप्रमाणे विश्वस्त बदलले, की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो वेळेवर गेला नाही, की नवी कार्यकारिणी कागदावर येतच नाही. त्यात दोन गट पडले, तर दोघांचेही अर्ज पडून राहतात, बँक सह्या मानत नाही, आणि पुस्तकांच्या कपाटाला वाळवी लागते ती मात्र कोणाच्या मंजुरीची वाट बघत नाही.

पण अशा कामाचा कंटाळा हे अर्धंच कारण. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्या माणसाबद्दल आपल्याला अतोनात आदर वाटतो, आणि या आदरानेच घोटाळा होतो. पंचवीस वर्षं पदरमोड करून ज्यांनी वाचनालय चालवलं, त्यांना ‘दुरुस्तीच्या खर्चाची बिलं दाखवता का?’ असं विचारायचं कसं? विचारलं तर ते दुखावतात, आणि सभाच विचारणाऱ्याला गप्प करते. पैसा कोणी खात नसेलही. बहुतेक ठिकाणी खाण्याइतका पैसाच नसतो. तरीही फुकट केलेल्या कामाची किंमत शेवटी वसूल होतेच. प्रश्न न विचारले जाण्याच्या सवलतीत ती मिळते. पगारी व्यवस्थापकाला जाब विचारता येतो, निःस्वार्थी चिटणिसाला येत नाही.

आपल्याकडच्या सार्वजनिक कामाची सुरुवात अशी नव्हती. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० साली निघाली, तिच्या मुळाशी पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारी होत्या. म्हणजे धर्मादाय पैशाचा हिशेब मागण्यातूनच ही संस्था जन्मली. तिचा सभासद व्हायचं तर किमान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. आपण कोणाच्या वतीने बोलतो, हे आधी सिद्ध करायचं. १८९५ मध्ये टिळकांच्या बाजूच्या लोकांनी निवडणुकीत तिचं व्यवस्थापक मंडळ हाती घेतलं. रानडे-गोखले बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी डेक्कन सभा निघाली. हे आपण जहाल-मवाळांचं भांडण म्हणून वाचतो. मला त्यात हेही दिसतं, की लोक मत द्यायला आले होते.

डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं उदाहरण तर अधिक बोचरं आहे. १८८४ साली निघालेल्या या संस्थेचे आजीव सदस्य तुटपुंज्या वेतनावर राबत. पण आपण त्याग करतो, मग नियम कशाला, असं त्यांनी म्हटलं नाही. बाहेरची मिळकत घ्यावी की नाही, वेतन वाढवावं की नाही, यावर ते वर्षानुवर्षं भांडले. टिळकांनी १८९० मध्ये राजीनामा दिला तोही लांबलचक, कारणं तपशिलाने मांडून. मुख्य म्हणजे या त्यागाला मुदत होती. ठरलेली सेवा पुरी करून गोखले १९०२ साली सोसायटीच्या फर्ग्युसन कॉलेजमधून बाहेर पडले. आजच्या चिटणिसाने कधी मोकळं व्हायचं, हे कोणी ठरवलेलंच नसतं. त्याला सोडवत नाही आणि दुसरं कोणी हात पुढे करत नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

सभासदही तसे सुटत नाहीत. वर्गणी भरली की आपलं काम झालं, पुढे पुस्तकं वेळेवर मिळाली नाहीत तर तक्रार करायची. वाण्याकडे करतो तशीच. सभेला जाणाऱ्यांत काही निव्वळ भांडकुदळ असतात, हेही कबूल केलं पाहिजे. त्यांच्यामुळे शहाणी माणसं घरी बसतात, आणि शहाणी घरी बसल्यामुळे सभा भांडकुदळांची होते.

उपाय फार मोठे नाहीत. जमाखर्च पंधरा दिवस आधी सभासदांच्या मोबाइलवर पाठवावा, सनदी लेखापालाच्या भाषेत नव्हे तर भाडं किती, वीज किती, पुस्तकं किती असा. श्रमदानाला आलेल्या तरुणांपैकी एकाला खजिनदाराशेजारी वर्षभर बसवावं. एका पदावर दोन मुदतींनंतर तिसरी नको, अशी घटनादुरुस्ती करावी. ती टीपही राहू द्यावी, मात्र एक ओळ जोडून : तहकूब सभेत जमाखर्च मंजूर होणार नाही, फक्त पुढची तारीख ठरेल. एक-दोनदा तारीख पुढे जाईल. जाऊ द्यावी.