पासवर्ड बरोबर आहे

पाठकोऱ्या कागदावर अण्णांनी सतरा पासवर्ड लिहून ठेवले होते. एकाखाली एक, डावीकडे समास सोडून, प्रत्येकापुढे फुली. पहिल्या ओळीपुढे सात फुल्या होत्या. आणि पहिल्या ओळीतलाच बरोबर होता. सासूबाईंचं माहेरचं आडनाव आणि पुढे एक साल. मला तो ठाऊक होता.

अण्णा माझे सासरे. छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, निवृत्त होऊनही आता वीस वर्षं झाली. मिरजेच्या आमच्या घरात खिडकीपाशी त्यांचा जुना डेस्कटॉप आहे. त्या डब्याला जड काही झेपत नाही म्हणून मीच त्यावर लिनक्स मिंट घालून दिलं. सकाळची पूजा आटोपली की ते यूपीएसचं बटण दाबतात आणि इनस्क्रिप्टवर दोन बोटांनी प्रवचनाची टिपणं टंकतात. वैशाखात चोखोबांची पुण्यतिथी येते. त्या दिवशी त्यांचं प्रवचन असतं आणि त्याचंच टिपण अर्धवट राहिलं होतं.

मी ट्रेनिंगसाठी पुण्याला होते. बुधवारी रात्री परतले तर मॉनिटरवर टॉवेल पांघरलेला. "काही नाही गं, विसरलो बहुतेक," म्हणाले. त्या 'बहुतेक'मध्ये काय होतं ते मला कळलं. त्यांच्या फिरायच्या कट्ट्यावरचे एक मित्र गेल्या वर्षी स्वतःच्या मुलाला "आपण कोण?" म्हणून विचारू लागले. तेव्हापासून चष्मा सापडला नाही तरी अण्णा आधी स्वतःकडे संशयाने बघतात. तीन दिवस त्यांनी मला फोन केला नव्हता. शेजारच्या मुलाला तेवढं दाखवलं होतं, तो म्हणाला, "आजोबा, फॉरमॅट मारावा लागेल." आमच्या धंद्यात हा मोक्षाचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. सगळं पुसायचं, म्हणजे प्रश्नही उरत नाही.

मी ज्युनिअर कॉलेजची संगणक प्रयोगशाळा बावीस वर्षं सांभाळते आहे. एवढ्या काळात एक गोष्ट शिकले, की माणूस काय झालं ते सांगत नाही, काय झालं असावं असं त्याला वाटतं ते सांगतो. म्हणून गुरुवारी सकाळी म्हटलं, "अण्णा, सांगू नका. माझ्यासमोर करून दाखवा."

आधी कोपऱ्यात भाषा कोणती आहे ते पाहिलं. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके उमटतात, त्यामुळे कळफलक देवनागरीवर राहिला असला तरी माणसाला पत्ता लागत नाही. माझ्या लॅबमधल्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. पण भाषा इंग्रजीच होती. कॅप्स लॉकचा दिवा बंद. अण्णांनी एकेक कळ दाबली, एंटर मारलं. पडदा काळा झाला, क्षणभर काहीतरी लुकलुकलं, आणि पुन्हा तेच नाव, तीच रिकामी चौकट. चूक झाली म्हणून एक अक्षर नाही.

आता इथे बारकाई अशी. पासवर्ड खरंच चुकला तर हे यंत्र लगेच उत्तर देत नाही, दोनेक सेकंद गप्प बसतं आणि मग चुकला म्हणून सांगतं. कुणी भराभर अंदाज मारत सुटू नये म्हणून ती दिरंगाई मुद्दाम घातलेली असते. इथे दिरंगाई नव्हती. एंटर मारताच त्याने मान्य केलं होतं.

"अण्णा, पासवर्ड बरोबर आहे."

ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. "ओळखतंय ना मला? मग आत का घेत नाही?"

हा प्रश्न मी तेव्हापासून सोडू शकलेले नाही. ओळख पटणं आणि आत घेणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे आमच्या विषयात पहिल्या वर्षाच्या मुलालाही शिकवतात. ओळख तरी कशाची? यंत्राला अण्णा माहीत नाहीत. त्यांचा पासवर्डसुद्धा माहीत नाही. बेल लॅब्जच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्सन यांनी १९७९ साली जी पद्धत मांडली तिचाच वारसा आज चालतो. पासवर्ड ठेवायचाच नाही, त्याचा उलटा न फिरणारा चुरा तेवढा ठेवायचा. त्यात आधी चिमूटभर अनियमित अक्षरं मिसळायची, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी चुरा वेगळा निघतो. त्या चिमटीला मीठच म्हणतात. तुम्ही काही टंकलंत की त्याचाही तसाच चुरा करून दोन्ही ताडून बघायचे. जुळले की तुम्ही तुम्ही. ही ओळख इतकी पातळ आहे, आणि तरी एवढ्यासाठी एक शहाणा माणूस तीन दिवस स्वतःला वेडा ठरवत होता.

अण्णांनी टिपणाचा विषय काढला नसता तर मी पुढे गेले नसते. पण तोंडातून चोखोबा आले ते त्यांच्याच. "पंढरीत तरी काय होतं," ते म्हणाले. "विठोबा ओळखत होता की."

मंगळवेढ्याचे चोखोबा. गावकुसाचं बांधकाम कोसळून त्याखाली गेले, आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारापाशी समाधी दिली, अशी परंपरा सांगते. दाराच्या बाहेर. ते दार त्यांच्या, अस्पृश्य ठरवलेल्या लोकांसाठी उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, आणि त्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. देवाची ओळख पटलेली असताना मधली सहा शतकं दार कोणी धरून ठेवलं होतं?

अण्णांचं अर्धवट टिपण नेमकं इथेच अडलं होतं. चोखोबांच्या नावावर एक अभंग आहे. त्यात ते म्हणतात की आपण पूर्वी निळाचा अवतार होतो, तेव्हा कृष्णाची निंदा घडली, म्हणून या जातीत जन्म आला. अण्णांना हा नम्रतेचा कळस वाटतो. दरवर्षी ते तो भाग आवाज खाली आणून सांगतात आणि मंडपात कोणी ना कोणी डोळे टिपतं. मीही एकदा टिपले होते. त्या गुरुवारी मात्र माझ्या हातात पाठकोरा कागद होता आणि त्यावर सतरा पासवर्डांपुढे फुल्या होत्या. दार उघडलं नाही की बाहेरचा माणूस पहिल्यांदा स्वतःच्याच नावापुढे फुली मारतो.

ही तुलना बरोबरीची नाही, हे मला कळतं. आमच्या घरातल्या कोणालाही कधी त्या दाराबाहेर थांबावं लागलं नाही. एका म्हाताऱ्याचे तीन दिवस आणि सहा शतकं एका तराजूत घालता येत नाहीत. मी फक्त विचाराची चाल बघते आहे. ती सारखी आहे: मी बाहेर आहे, म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार. या जन्मात सापडत नाही? मग मागच्या जन्मात.

कधीकधी चुकलेलं असतंही. लॅबमध्ये एका मुलाचं खातं असंच फिरून फिरून दाराशी येत होतं. बघितलं तर पोराने वाट्याची सगळी जागा सिनेमांनी भरून टाकली होती. आत जाताना यंत्राला दोन ओळी लिहायच्या असतात, त्यालाही जागा शिल्लक नव्हती. त्याला मी संचित म्हणजे काय ते तिथल्या तिथे समजावून दिलं. पण ती शक्यता तपासायची असते, गृहीत धरायची नसते.

राजगृहाच्या वेळुवनात मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धाला विचारलं होतं, की माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, तुमचं काय म्हणणं? संयुत्त निकायात हे सुत्त आहे. बुद्धाचं उत्तर मला कुठल्याही उत्तम मेकॅनिकचं वाटतं. पित्ताने दुःख होतं, कफाने होतं, वाताने होतं, तिन्ही मिळून होतं. ऋतू पालटल्याने होतं, हयगयीने होतं, कुणी घाव घातल्याने होतं. कर्मविपाक आठवा. ही आठही कारणं माणसाला स्वतःला कळतात, जगालाही मान्य आहेत. तेव्हा सगळ्याचं खापर पूर्वकर्मावर फोडणारे स्वतःला कळतं त्याच्याही पलीकडे जातात आणि जगाला कळतं त्याच्याही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये मागच्या जन्मीच्या कर्माचा सिद्धान्त इतक्या तिखटपणे का खोडून काढला, ते मला वाचताना पटलं होतं, पण समजलं अण्णांच्या खुर्चीत बसल्यावर. ज्याने दार लावलं त्याची चौकशी त्या सिद्धान्तात कधी निघतच नाही.

असो. कर्माआधीचे सात तपासायचे होते.

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ २ एकदम दाबलं. चित्रं गेली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत फक्त नाव विचारलं गेलं. इथे पासवर्ड टंकताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत. अण्णांनी तोच पासवर्ड दिला, आणि यंत्राने त्यांना मुकाट आत घेतलं. ना खिडक्या, ना चिन्हं, ना माउसचा बाण. नुसती लुकलुकणारी रेघ.

"हे आत?" अण्णा म्हणाले.

"हो. तुमच्याच घरात आहात."

"म्हणजे निर्गुणात घेतं, सगुणात घेत नाही." तीन दिवसांत पहिल्यांदा हसले.

जागा पाहिली, निम्मी रिकामी. मग फायलींची यादी मागवली, लपलेल्यांसकट. ज्यांचं नाव टिंबाने सुरू होतं त्या फायली नेहमीच्या यादीत दिसत नाहीत. यादीत प्रत्येक फायलीसमोर मालकाचं नाव असतं. अण्णांचं नाव, अण्णांचं नाव, अण्णांचं नाव, आणि मध्येच एका ओळीत 'रूट'. फायलीचं नाव डॉट एक्सऑथॉरिटी.

इनमीन काही बाइटांची ही फाइल. पासवर्ड जुळला की चित्रांचा दरबार उघडण्यासाठी एक चिठ्ठी लागते. दर वेळी नवी चिठ्ठी तयार होते आणि तुमच्या घरातल्या या फायलीत लिहिली जाते. करणाऱ्यांनी तिला जादूची कुकी असं नाव ठेवलं आहे. फाइल रूटच्या मालकीची झाली की अण्णांच्या नावाने तीत काही लिहिता येत नाही. चिठ्ठी नाही म्हणून दरबार मिटतो आणि माणूस पुन्हा दाराशी. रूट म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, क्रमांक शून्य. त्याला कुठेही मज्जाव नाही. पण तो आपण होऊन कुणाच्या घरात शिरत नाही. त्याला कुणीतरी आणावं लागतं.

फायलीसमोर तारीख आणि वेळही असते. रविवार, दुपारी पावणेतीन.

रविवारी दुपारी पावणेतीनला त्या खुर्चीत मी होते. अपडेटनंतर पडदा काळा पडला होता, पुण्याची एसटी साडेतीनची होती. याच काळ्या पडद्यावर अण्णांकडून पासवर्ड विचारून घेतला आणि 'स्टार्टएक्स'च्या आधी 'सुडो' लावून मोकळी झाले, म्हणजे रूटच्या अधिकाराने चित्रं सुरू केली. ड्रायव्हर नीट बसवला आणि मशीन बंद केलं. एकदा साधं लॉगिन करून बघायला हवं होतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी यासाठी ओरडते.

१९६६ साली अमेरिकेत एमआयटीच्या सामाईक संगणकावर असंच झालं होतं. दोन व्यवस्थापक एकाच वेळी काम करत होते, त्यांच्या तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला त्या दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसायला लागले. त्या प्रणालीचे जनक कोर्बातो यांनी ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हे स्वतःच सांगितलं. मी अण्णांना ही गोष्ट सांगितली नाही. सांगितली असती तर ती सबब झाली असती.

"अण्णा, हे मी केलं," एवढंच म्हटलं.

मालकी बदलायची आज्ञा एका ओळीची आहे. ती दिली, कंट्रोल ऑल्ट एफ ७ ने चित्रांच्या दाराशी परत आलो, त्यांनी पासवर्ड टाकला. पडदा काळा झाला आणि त्यांचा तो तुळशीवृंदावनाचा फोटो आला.

मला वाटलं होतं, रागावतील. ते म्हणाले, "मग तुझ्या हातून नेमकी माझीच फाइल बिघडावी, हे माझं प्रारब्ध नव्हे का?"

याला उत्तर नाही. या सिद्धान्ताचं तेच तर आहे, काहीही सापडलं तरी तो एक पायरी मागे सरकतो आणि तिथे ठाण मांडून बसतो. मी म्हटलं, "असेल. पण ते आठवं. आणि तुमची स्मरणशक्ती त्यात कुठेच नव्हती."

"ते मात्र खरं," म्हणाले, आणि पाठकोरा कागद मागून घेतला. चौकोनी घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला. फाडला नाही. मग पुढच्या वेळी काही केलंस तर तारखेनिशी लिहून ठेव म्हणून शाळेतली एक जुनी वही काढून दिली. ती आता यूपीएसवर असते.

पुण्यतिथीच्या संध्याकाळी मी बायकांच्या मागच्या रांगेत बसले होते. निळाचा अभंग त्यांनी घेतला, आवाज नेहमीसारखाच खाली आणला. पण यंदा त्याला जोडून कर्ममेळ्याचा एक अभंग घेतला. चोखोबांचा मुलगा, देवाला तोंडावर जाब विचारणारा. तो त्यांनी आधीच ठरवला होता की नंतर घातला, ते मी विचारलं नाही. फाइल कधी बदलली ती तारीख बघता आली असती. बघितली नाही.