कॅमेरा एकट्याचा नसतो

गणेशोत्सवाच्या कामाचे पैसे हातात आले आणि तुळशीचं लग्न जवळ आलं, की लालबाग-परळ-दादरच्या फोटोग्राफरांमध्ये एक प्रश्न निघतो. लग्नसराईच्या आत नवी बॉडी घ्यायची, तर आहे त्याच कंपनीची की दुसऱ्या? मग ऑटोफोकस, मेगापिक्सेल आणि किंमत यांची तुलना होते आणि निर्णय होतो. त्या तुलनेत एक मोठी गोष्ट सुटते. आपल्या भागात काम करणाऱ्याचा कॅमेरा त्याच्या एकट्याचा नसतो.

मुळात कॅमेरा म्हणजे नुसतं एक यंत्र हे इथे कधीच खरं नव्हतं. 1912 साली दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. त्याच्या जोडीला फिल्मला भोकं पाडण्याचं यंत्र, प्रिंटिंगचं यंत्र, कोडॅकची कच्ची फिल्म आणि ती धुण्याची सोय हे सगळं दादरच्या घरी उभं करावं लागलं. भोकं पाडण्यापासून फिल्म धुण्यापर्यंतच्या कामात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचे हात होते. तेव्हा कुठे 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. फाळक्यांना कॅमेऱ्याभोवतीची सगळी व्यवस्था स्वतः घडवावी लागली. आज ती आपल्याला शेजारात तयार मिळते, म्हणून तिची किंमत आपण धरत नाही.

ती व्यवस्था कशाची बनलेली असते? गणपतीच्या आगमनाच्या दिवशी मित्राकडून मागून आणलेली 70-200 लेन्स. लग्नात मुलीकडची बाजू सांभाळणारा जोडीदार, ज्याच्या फायलींचे रंग आपल्या फायलींशी जुळतात. अनंत चतुर्दशीला सकाळी निघालेला लालबागचा राजा दुसऱ्या दिवशी गिरगाव चौपाटीवर पोहोचेपर्यंत एकमेकांत फिरणाऱ्या बॅटऱ्या. पावसाळ्यात लेन्समध्ये बुरशी धरली, की ती उघडून साफ करणारा बोरा बाजारातला कारागीर, ज्याचा हात ठरावीक कंपन्यांच्या मालावर बसलेला असतो. ब्रँड बदलला, की यातला बराचसा आधार एका दिवसात सुटतो. दुकानाच्या कोटेशनमध्ये त्याची ओळ नसते.

याचा अर्थ कंपनीशी इमान राखावं असा नाही. कंपन्या आपापल्या सोयीने वळतात. 1987 मध्ये कॅननने एफडी माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला जोडणारी बैठक, सोडून ईएफ आणलं आणि लोकांच्या जुन्या लेन्स नव्या बॉडीवर थेट बसेनाशा झाल्या. निकॉनने 1959 पासूनचं एफ माउंट जपलं. पण 2018 मध्ये मिररलेससाठी निकॉनने झेड आणि कॅननने आरएफ ही नवी माउंट काढली. म्हणजे आज डीएसएलआर वापरणारा माणूस त्याच कंपनीत राहिला तरी माउंट बदलतोच. ‘बदलायचंच आहे, तर सोनी का नको?’ हा युक्तिवाद इथूनच येतो. सोनीचं ई माउंट 2010 पासूनचं आहे आणि त्याला दुसऱ्या कंपन्यांच्या लेन्सही भरपूर मिळतात.

युक्तिवाद वजनदार आहे, तरी पुरा नाही. कॅननच्या ईएफ लेन्स त्यांच्याच अडॅप्टरवर नव्या बॉडीला लागतात आणि ऑटोफोकससकट चालतात. निकॉनच्या एएफ-एस लेन्सही चालतात. मात्र जुन्या एएफ-डी लेन्सचा ऑटोफोकस निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर चालत नाही, कारण तो बॉडीतल्या मोटरवर फिरायचा आणि अडॅप्टरमध्ये ती मोटर नाही. दोन्ही कंपन्यांच्या अनेक नव्या बॉडींत जुन्या बॅटऱ्याही चालतात. तेव्हा ‘माउंट तर बदलतंयच’ एवढं म्हणून भागत नाही. आपल्या बॅगेतली एकेक लेन्स हातात घेऊन ती पलीकडे जाते की नाही, हे बघावं लागतं.

त्याहून महत्त्वाचं, आपलं काम काय मागतं ते. शिवाजी मंदिरात किंवा साहित्य संघात नाटकाचे फोटो काढणाऱ्याला आवाज न करणारं शटर ही खरी गरज आहे. आरशाचा खटका नटालाही ऐकू जातो आणि पहिल्या रांगेलाही. पण तेच मूक शटर एलईडी दिव्यांखाली फोटोवर पट्टे उमटवू शकतं, म्हणून तिथल्या दिव्यांत बॉडी वापरून बघितल्याशिवाय पैसे मोजू नयेत. मिरवणुकीत गुलाल आणि पाऊस असतो. तिथे लेन्स बदलणंच धोक्याचं, म्हणून नव्या ब्रँडपेक्षा त्याच ब्रँडची दुसरी जुनी बॉडी अधिक कामाची ठरते. लग्नात अंतरपाट दूर होतो तो क्षण पुन्हा येत नाही. निकॉन आणि कॅननच्या लेन्स फिरवून बसवण्याच्या दिशा उलट आहेत, झूमच्या कड्याही बहुधा उलट फिरतात. वर्षानुवर्षांच्या सवयीचा हात नेमका त्या क्षणी चुकीकडे वळला, तर भरपाई नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. ज्याच्याकडे एक बॉडी आणि सोबत आलेली एकच लेन्स आहे, त्याने मोकळेपणाने बदलावं. त्याचं सुटण्यासारखं काही नाही. ज्याचं काम अशी एखादी गोष्ट मागतं, जी आपल्या कंपनीच्या नव्या बॉडीतही मिळत नाही, त्यानेही बदलावं. मात्र पूर्ण बदलावं, हंगाम संपल्यावर बदलावं. अर्धं इकडे, अर्धं तिकडे हा सगळ्यांत महागडा मार्ग, कारण त्यात लेन्स, फ्लॅश, ट्रिगर सगळं दुहेरी होतं. बाकीच्यांनी आधी चांगली लेन्स घ्यावी.

आणि निर्णय एकट्याने घेऊ नये. ज्यांच्या लेन्स आपण मागतो, ज्यांना आपल्या देतो, ज्यांच्यासोबत लग्न उभं करतो, त्यांच्याशी बसून बोलावं. चार जण ठरवून दोन वर्षांत एका माउंटवर गेले, तर लेन्स वाटून घेता येतात आणि खर्चही विभागतो. एकेकटे चार दिशांना गेले, तर प्रत्येकाकडे उत्तम बॉडी असेल, पण आगमनाच्या दिवशी मागायला लेन्स नसेल. मोठं भांडवल नसलेल्या माणसाला या धंद्यात उभं ठेवणारी गोष्ट ही देवाणघेवाणच आहे, आणि खरेदीच्या हिशेबात तिचा आकडा सर्वांत वर असायला हवा.