कीव न करणारी कविता

अलीकडच्या भावकवितेत वेदना, आसवं, जखम, काळोख हे शब्द इतके स्वस्त झालेत की कवितेत कुणी धाय मोकलून रडलं तरी वाचक कोरडाच राहतो. कवीला कळवळा नसतो असं नाही. पण तो आधी कळवळा सांगतो आणि माणूस मागाहून दाखवतो. पुष्कळदा ते दाखवायचं राहूनच जातं.

अरुण कोलटकरांची ‘द ओग्रेस’ नेमकी उलट वाटेने जाते. ‘काळा घोडा पोएम्स’ या २००४ सालच्या इंग्रजी संग्रहातली ही कविता. मुंबईच्या रोप वॉक लेनमधली एक बाई. अर्धा चेहरा माणसाचा, उरलेला भाजून किंवा ॲसिडने वितळून गेलेला. कवी शीर्षकातच तिला राक्षसीण म्हणून मोकळा होतो. ते क्रूर वाटतं आणि वाटायलाच हवं, कारण अशी बाई समोर आली की आपणही मनात तेच म्हणतो, फक्त कबूल करत नाही. मग ती रस्त्यावरच्या एका पोराला आंघोळ घालते. साबण, पाणी, हातातून निसटणारं बुळबुळीत अंग. कवीची नजर चेहऱ्यावरून तिच्या हातांवर येते. हात सराईत आहेत, मायेचे आहेत. न्हाऊन निघालेलं पोर शेवटी ऐटीत उभं राहून अख्ख्या जगावर मुताची धार सोडतं, आणि कवी त्याला शाबासकी देतो! एवढ्यात राक्षसीण कधी नाहीशी झाली ते कळतही नाही.

कोलटकर जाहिरातक्षेत्रातले नावाजलेले कलादिग्दर्शक होते. त्या धंद्यात फाफटपसारा खपत नाही, आणि त्यांच्या कवितेतही तो दिसत नाही. त्यांच्या ‘भिजकी वही’ या मराठी कवितासंग्रहात इजिप्तच्या देवी इसिसपासून प्राचीन विदुषी हायपेशियापर्यंत युगायुगांच्या बायकांचं रडणं आहे, व्हिएतनामची किमही आहे. नापामने होरपळून धावणारी ही पोर १९७२च्या छायाचित्रातून जगाने पाहिलीच होती. पण छायाचित्र एका क्षणापाशी थांबतं. कवितेला त्या मुलीच्या बाजूने उभं राहता येतं.

पण कवितेतही प्रतिमेचा धोका असतोच. ती फार देखणी झाली की दुःख तिच्याखाली दडपतं आणि वाहवा कवीच्या पदरात पडते. तशी कविता मला फसवी वाटते, मग मैफलीत तिला कितीही टाळ्या पडोत.

दिवाळी अंकाला कविता पाठवण्याआधी कवींनी तिच्यातली हळवी विशेषणं तेवढी खोडून पाहावीत. माणूस शिल्लक राहिला, तरच ती पाठवावी.