मुलांच्या मुखी आईचे गाणे

॥ रामकृष्णहरि ॥

भाविक सज्जनहो, वारीच्या वाटेवर आपण एकमेकांना कोणत्या नावाने हाक मारतो? ‘माउली!’ पाणी देणारा माउली, वाट पुसणारा माउली; कुणाला धक्का लागला तरी ‘माउली’ म्हणूनच आपण त्याच्या पायांना हात लावतो. उत्तम आहे. परंतु जिच्यावरून हा शब्द आला ती घरची माउली सर्वांची पंगत उठल्यावर उरलीसुरली भाकरी घेऊन बसते, आणि ‘तुला काही वाढू का?’ असे तिला पुसणारे कोणी नसते. मग आपली वाटेवरची हाक खरी कशी व्हावी?

श्रुतीचा दाखला घ्या. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत, अध्ययन संपवून निघालेल्या शिष्याला आचार्य उपदेश करतात. त्यात देव मानावयाचे म्हणून पहिले नाव मातेचे, दुसरे पित्याचे. आणि बोलणारे आचार्य स्वतः तिसरे! आपल्या संप्रदायाची कथा तर याच सेवेची आहे. पुंडलिकाने आईबापांचे पाय सोडले नाहीत. दारी आलेल्या देवाला त्याने वीट दिली. देव रागावला काय? नाही हो, तो त्या विटेवर उभाच राहिला.

म्हणून आम्ही कीर्तनाला जातो त्या गावी दुपारच्याला पोरे गोळा करतो आणि आमच्याच जोडलेल्या चार ओळी त्यांना शिकवतो. हाती टाळ द्यावा, आपण पुसावे, पोरांनी उत्तर द्यावे :

घरात आधी जागी कोण? — आई गं आई ।
सर्वांमागून जेवी कोण? — आई गं आई ।
तिला पाणी देईल कोण? — मी गं आई ।
विठूआधी पाया पडू — तुझ्या गं आई ॥

पहिल्या दोन ओळींना पोरे छप्पर दणाणून सोडतात. तिसरीला मात्र एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. गाण्याचे मर्म तेथेच आहे, बरं का! ज्याने ‘मी’ म्हटले त्याने घरी जाऊन तांब्याभर पाणी आईच्या हाती द्यावे, रात्री तिचे ताट आपल्या हाताने वाढावे, आणि मगच उद्या टाळ घ्यावा. मुलींना हे सांगावे लागत नाही. मुलग्यांना आग्रहाने सांगावे. मुखी नाम आणि हाती सेवा, याचेच नाव भजन.

कोणी शंका घेईल, ‘महाराज, ज्या लेकराची आई गेली त्याने काय म्हणावे? त्याच्यापुढे हे गाणे नकोच.’ असे करू नका. त्या लेकराला बाजूला बसवाल तर ते दुसऱ्यांदा पोरके होईल. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई या चौघांना कोवळ्या वयात आईबाप अंतरले. त्यांच्यातल्याच ज्ञानोबांनी शके १२१८ मध्ये आळंदीस समाधी घेतली, आणि आज सारा महाराष्ट्र त्यांना माउली म्हणतो. तेव्हा त्या लेकराला जवळ घ्या. आजी, काकू, थोरली बहीण, जी त्याला घास भरवते तिच्या नावाने त्याने गावे. आणि कोणीच नसेल, तर तुमच्या घरातली आई त्याची व्हावी.

शेवटी एकच. हे गाणे शिकवताना तिसऱ्या ओळीला बाप्यांनी गप्प राहू नये. त्यांचीही आई माजघरात बसली आहे, आणि पोरांचे कान त्यांच्या उत्तराकडे लागले आहेत.

बोला, पुंडलीकवरदा हरि विठ्ठल!