गाडी रोज शे का?

सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या खानदेशी माणसाला रेल्वेचं वेळापत्रक कुणी शिकवावं लागत नाही. मिलमधली बारा तासांची पाळी सुटली की तो उधना स्टेशन गाठतो, ताप्ती लाइनची गाडी धरतो, आणि नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव यांपैकी आपलं स्टेशन आलं की गाढ झोपेतूनही बरोबर उठतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि लग्नसराईत कुठल्या गाडीला पाय ठेवायला जागा नसते, जनरलचा डबा पुढे लागतो की मागे, वेटिंग कितीचं असलं तर आशा धरावी, हे सगळं त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. आमच्या वस्तीत त्याची चर्चा चहाच्या टपरीवर झाली आणि लोकांनी लगेच आखाजीपासून उलटे दिवस मोजून ठेवले.

हाच माणूस परदेशातल्या रेल्वेचा विषय निघाला की गप्प होतो. तिथली भाषा वेगळी, पैसा वेगळा, स्टेशनं मोठी. आपल्याला जमायचं नाही, असं तो मनाशी धरून चालतो. मग एक तर टूरवाल्याच्या हाती सगळं सोपवायचं, नाही तर जायचंच नाही. मला हे मनापासून पटत नाही. मोठ्या देशात रेल्वेने एकट्याने, आपलं आपण ठरवून फिरायला जी समज लागते, ती या वस्तीत मुबलक आहे. फक्त ती समज आहे, हे कुणी आपल्याला सांगितलेलं नाही.

हा विषय आता आपल्यापासून दूरचाही राहिलेला नाही. इथल्या कितीतरी घरांतली मुलं-मुली शिकली आणि न्यू जर्सी, टेक्सास, टोरोंटो अशा ठिकाणी पोचली. आईवडील त्यांच्याकडे जातात. अमेरिकेत व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिने राहायची परवानगी मिळते. त्या सहा महिन्यांत ते काय बघतात? जावई आणि लेक कामाला गेल्यावर बंद घर, खिडकीबाहेरचं हिरवं लॉन, आणि शनिवार-रविवारची वाट. गाडी चालवता येत नाही म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातही कुणीतरी न्यावं लागतं. ज्या माणसाने वयाच्या विसाव्या वर्षी एकट्याने गाव सोडून सुरतेत बिऱ्हाड मांडलं, तो तिथे लहान मुलासारखा दुसऱ्याच्या सवडीवर जगतो. परत आल्यावर सगळं छान होतं असं सांगतो, आणि ते खोटंही नसतं. पण आपल्या पायांनी काही पाहिल्याचं समाधान त्या सांगण्यात नसतं.

म्हणून आमच्या गल्लीतल्या आप्पांची वही मला फार मोलाची वाटते. आप्पा मिलच्या फोल्डिंग खात्यातून निवृत्त झाले. लेक न्यू जर्सीला. ते मला म्हणाले, “भाऊ, विमानातून ढगच दिसतात. मला अमेरिका खिडकीतून बघायची आहे.” न्यूयॉर्कपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत, एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत, रेल्वेने. आणि नकाशा उघडल्यावर त्यांनी पहिला प्रश्न अहिराणीत विचारला, “गाडी रोज शे का?”

हाच योग्य प्रश्न आहे. बहुतेक लोक सुरुवात करतात ती बघायच्या ठिकाणांच्या यादीपासून. आठ शहरं, पंधरा दिवस, आणि मग त्यांत गाड्या कोंबायच्या. मोठ्या देशात हे चालत नाही, कारण तिथे गाड्या आपल्या यादीसाठी धावत नाहीत. कॅनडात टोरोंटोहून व्हँकूव्हरला जाणारी ‘कॅनेडियन’ ४,४६६ किलोमीटरचं अंतर चार रात्रींत कापते, पण ती आठवड्यातून दोनदाच सुटते. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स ते लॉस एंजेलिस ही ‘सनसेट लिमिटेड’ आठवड्यातून तीनदाच. एक गाडी चुकली की दोन दिवस हॉटेलात. म्हणून आधी गाडीचा वार, मग तिची वेळ, आणि मग आपली हौस, हाच क्रम ठेवावा लागतो. ज्याने गावाकडे जाण्यासाठी आयुष्यभर गाडीच्या वारावर सुट्टी मागितली, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आप्पांच्या वहीचं ते पान मी जवळून पाहिलं आहे. आडव्या पानावर पट्टीने ओढलेली एक रेघ. रेघेवर गावं: न्यूयॉर्क, आल्बनी, बफेलो, क्लीव्हलंड, शिकागो, ओमाहा, डेन्व्हर, सॉल्ट लेक सिटी, रेनो, एमरीव्हिल. प्रत्येक गावाखाली दोन वेळा लिहिलेल्या, काळ्या शाईने तिथली आणि लाल शाईने उधन्याची. शिकागोपाशी रेघ तुटलेली आहे, कारण अमेरिकेत या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत जाणारी एकही थेट प्रवासी गाडी नाही. आपल्याकडे दिब्रुगडला बसलेला माणूस विवेक एक्स्प्रेसने चार हजारांहून जास्त किलोमीटर न उतरता कन्याकुमारीला जातो. तिथे मात्र गाडी बदलावीच लागते, आणि बहुतेक वेळा ती शिकागोलाच.

त्या तुटलेल्या रेघेतच सगळ्या नियोजनाची परीक्षा आहे. न्यूयॉर्कहून दुपारी सुटणारी ‘लेक शोअर लिमिटेड’ सुमारे वीस तासांनी, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी, शिकागोला पोचते. तिथून ‘कॅलिफोर्निया झेफिर’, पाच नंबरची गाडी, दुपारी सुटते. मधे थोडे तास. गाडी वेळेवर आली तर जेवून निघता येतं. पण अमेरिकेतले लांब पल्ल्याचे बहुतेक रूळ मालगाड्या चालवणाऱ्या कंपन्यांच्या मालकीचे आहेत. प्रवासी गाडीला आधी वाट द्यावी असा कायदा आहे, तरी लांबच लांब मालगाड्यांमागे खोळंबा होतो, आणि दोन-चार तासांचा उशीर तिथे नवलाचा नाही. यावर उपाय साधा आहे. दोन्ही गाड्यांचं तिकीट एकत्र, एकाच आरक्षणात काढायचं. तसं काढलं आणि पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर पुढची सोय करणं या गाड्या चालवणाऱ्या अ‍ॅमट्रॅकची जबाबदारी असते. चार पैसे वाचवायला वेगवेगळी तिकिटं काढली, तर ती जबाबदारी आपल्या डोक्यावर. आप्पांनी त्याहून शहाणपणाची गोष्ट केली. शिकागोत एक मुक्काम धरला. मला तर असा मोकळा ठेवलेला दिवस खर्चात धरावासाच वाटत नाही. त्याच्याच जोरावर बाकीचा प्रवास निर्धास्त होतो.

आणखी दोन-तीन गोष्टी आपल्या सवयीपेक्षा वेगळ्या आहेत, त्या आधी कळलेल्या बऱ्या. तिथल्या साध्या वर्गात आपल्यासारखी बर्थ नसते. पाय पसरता येईल अशी रुंद, मागे झुकणारी खुर्ची असते आणि रात्र त्यातच काढायची. झोपायची खोली वेगळी मिळते. तिच्या भाड्यात जेवण धरलेलं असतं, पण ते भाडं बरंच जास्त. आरक्षण अकरा महिने आधी उघडतं आणि स्वस्त जागा संपत गेल्या की भाडं चढत जातं. तिथे आपला तत्काळचा कोटा नाही, त्यामुळे लवकर ठरवणाऱ्याचाच फायदा. वाटेत उतरत उतरत जायचं असेल तर तीस दिवसांत दहा टप्प्यांचा पास मिळतो. गाडीत जितक्यांदा चढाल तितके टप्पे खर्ची पडतात, आणि पास असला तरी प्रत्येक गाडीची जागा आधी राखून ठेवावीच लागते. घरचा डबा आपल्या जागेवर बसून खायला कुणाची हरकत नसते. शाकाहारी माणसाने दोन दिवसांची शिदोरी बरोबर ठेवावी हे उत्तम.

झेफिरचं वेळापत्रक मला विशेष आवडतं. शिकागोहून दुपारी निघालेली गाडी रात्रभर सपाट मैदानातून धावते आणि सकाळी डेन्व्हरला येते. पुढचा सगळा दिवस रॉकी पर्वतात. १९२८ साली सुरू झालेला दहा किलोमीटरचा मोफॅट बोगदा आणि मग कोलोरॅडो नदीकाठची दरी. दुसरी रात्र वाळवंटात जाते, आणि तिसऱ्या दिवशी उजेडात सिएरा नेवाडा ओलांडून संध्याकाळच्या सुमारास एमरीव्हिल. सुमारे ३,९०० किलोमीटर, आणि बघण्यासारखं बरंचसं उजेडात येतं. सॅन फ्रान्सिस्को शहरात ही गाडी जातच नाही. एमरीव्हिलला उतरून खाडीपलीकडे बसने जायचं. वहीत आप्पांनी ते तांबड्या शाईने अधोरेखित केलं आहे.

याच सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटमधून पहिला रेल्वेमार्ग कोरला तो हजारो चिनी मजुरांनी. १० मे १८६९ रोजी युटामधल्या प्रॉमंटरीला पूर्वेचे आणि पश्चिमेचे रूळ जोडले गेले. पुढे १८८२ मध्ये अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी घातली. पोटासाठी मुलूख सोडलेल्या खानदेशी, ओडिया, बिहारी, उत्तर प्रदेशी माणसांनी भरलेल्या पांडेसऱ्यातून जाणाऱ्याने ही गोष्ट मनात ठेवून त्या डोंगराकडे बघावं, असं मला वाटतं. नुसत्या बर्फाचे फोटो काढून परत येऊ नये.

आणि या वाटेवर मराठी माणूस पहिल्यांदा जातो आहे असंही नाही. पंडिता रमाबाई मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला पोचल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. समारंभ झाला ११ मार्चला. मुक्काम मात्र जवळजवळ तीन वर्षांचा झाला. ठिकठिकाणी व्याख्यानं देत, शाळा बघत, संस्था समजून घेत त्या तो अवाढव्य देश फिरल्या, आणि १८८८ च्या अखेरीस पश्चिम किनाऱ्यावरच्या सॅन फ्रान्सिस्कोहून जपानमार्गे परत निघाल्या. मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन काढलं आणि त्याच वर्षी अमेरिकेची लोकस्थिती आणि आपलं प्रवासवृत्त मराठीत छापलं. विधवा बाई, परका देश, बरोबर टूरवाला नाही. आज हातात मोबाइल असताना आपण घाबरतो, तेव्हा मला त्यांची फार आठवण होते.

रमाबाई गेल्या तेव्हा अमेरिकेतल्या रेल्वेला सामायिक घड्याळ मिळून जेमतेम अडीच वर्षं झाली होती. १८ नोव्हेंबर १८८३ पर्यंत तिथे गावागणिक वेळ वेगळी होती. त्या दिवसापासून रेल्वे कंपन्यांनी वेळेचे पट्टे आखले. आजही न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को या वाटेवर घड्याळ तीनदा एकेक तास मागे करावं लागतं, आणि वेळापत्रकात त्या त्या गावाची वेळ छापलेली असते. रशियात तर १ ऑगस्ट २०१८ पर्यंत मॉस्को ते व्लादिवोस्तोक या ९,२८९ किलोमीटरच्या मार्गावर सगळीकडे मॉस्कोचीच वेळ छापत. बाहेर पहाट आणि तिकिटावर आदली रात्र. आता तिथेही स्थानिक वेळ आली आहे.

आपल्याला हे अवघड वाटायचं कारण नाही. ताप्ती लाइनवरचं नवापूर स्टेशन बघा. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली आणि सीमा गेली ती थेट या फलाटामधून. फलाटावरचा एक बाक अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. घोषणा चार भाषांत होतात. अमेरिकेत राज्यं ओलांडताना घड्याळ बदलतं, पण भाषा तीच राहते. आपल्याकडे घड्याळ तेच राहतं आणि भाषा बदलते. नंदुरबारला मराठी, उधन्याला गुजराती, मिलमध्ये हिंदी, घरात अहिराणी, एवढ्या उलाढाली रोज करणाऱ्याला घड्याळाचे काटे फिरवणं जड जाऊ नये.

खर्चाचं खोटं सांगणार नाही. अमेरिकेचा प्रवास महाग आहे आणि व्हिसा मिळेलच अशी खात्री नसते. मुलाखतीसाठी मुंबईला जावं लागतं. म्हणून क्रम चुकवू नये. आधी पासपोर्ट, मग व्हिसा, आणि तो हातात पडल्यावरच रेल्वेचं पैसे भरलेलं तिकीट. वहीतलं नियोजन मात्र आजपासून करता येतं. त्याला पैसे पडत नाहीत.

परदेशात असलेल्या आपल्या मुलामुलींना एक विनंती आहे. आईवडील तुमच्याकडे आले आणि कुठे जायचं म्हणाले, तर त्यांच्यासाठी सगळं ठरवून टाकू नका. त्यांना वेळापत्रक दाखवा, तिकीट त्यांच्या नावाने एकत्र काढून द्या आणि स्टेशनपर्यंत सोडा. पुढे त्यांचं ते बघतील.