निर्जळी उपवासाचा कर्ता कोण?

भाद्रपद शुद्ध तृतीयेला रायपूरच्या समता कॉलोनीत मराठी घरांतून हरतालिका पुजली जाते आणि त्याच तिथीला छत्तीसगढी घरांत तीजा असतो. आदल्या रात्री कारल्याच्या भाजीबरोबर ‘करू भात’ खाऊन माहेरी आलेल्या लेकी निर्जळी उपवास धरतात. व्रत करणारी अन्न, पाणी, मीठ सगळे सोडते; तिचे शरीर मात्र काहीच सोडत नाही. मीठ-पाणी कमी पडू लागले की मूत्रपिंडे रेनिन स्रवतात, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होते आणि त्यामुळे अ‍ॅड्रिनल ग्रंथी अल्डोस्टेरॉन रक्तात सोडतात. हे संप्रेरक मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातील अस्तरपेशींत शिरून त्यांच्या जनुकांना कामाला लावते. पोकळीकडच्या बाजूला सोडियम आत घेणाऱ्या वाहिन्या वाढतात, रक्ताकडच्या बाजूला ते पुढे ढकलणारे पंप वाढतात, आणि सोडियमच्या मागोमाग पाणीही परत येते. संकल्प सोडण्याचा, देहाचा कारभार राखण्याचा. मग उपवास नेमका कोणी केला?

माझ्या मते तो तिनेच केला, पण एकटीने निभावला नाही. गीतेचा पंधरावा अध्याय देहातला जठराग्नी हे ईश्वराचेच रूप मानतो. गीतेला संप्रेरके ठाऊक होती असे म्हणणे अप्रामाणिक ठरेल. अल्डोस्टेरॉन वेगळे काढले गेले ते 1953 साली. पण ज्या पचनाला आपण आपले म्हणतो ते आपल्या हुकमात नाही, हा तिथला विचार आतड्याच्या पेशीही खरा ठरवतात. कोणी म्हणेल, तहानसुद्धा अँजिओटेन्सिनच लावते, मग संकल्प तरी तिचा कशावरून? तहान कशाने लागली हे कळले, तरी तहानलेली असताना तिने पेला बाजूला का ठेवला हे त्यातून कळत नाही. ते कारण तिच्या श्रद्धेतच शोधावे लागते.

देह सांभाळून घेतोच, तर उपवास हवा तितका ताणावा, हे म्हणणे मात्र मला मुळीच मान्य नाही. आतडे पोकळीत उरलेलेच परत घेऊ शकते. घामावाटे गेलेले ते कुठून आणणार? शरीराला छळणाऱ्या घोर तपाला गीतेचा सतरावा अध्याय आसुरी म्हणतो. गरोदर किंवा आजारी स्त्रीला चक्कर येऊ लागली, तर पूजा संपण्याची वाट न पाहता साखर-मिठाचे पाणी द्यावे. साखर सोबत असली की लहान आतडे सोडियम तिच्या जोडीने ओढून घेते; त्यासाठी त्याला अल्डोस्टेरॉनची वाट पाहावी लागत नाही.