शून्याची दुप्पट

निवांत बसा. डावा हात मांडीवर उताणा ठेवा आणि कोपराच्या आतल्या लवणीत उजव्या हाताची दोन बोटं हलकेच टेकवा. रक्तदान शिबिरात सुई इथेच कुठेतरी शिरते. बोटं तिथेच राहू द्या.

गणेशोत्सवातलं एखादं शिबिर आठवा. मंडपाशेजारी ओळीनं मांडलेल्या खाटा, मुठीत मऊ चेंडू, खाली डुलत डुलत भरणारी पिशवी. 350 मिलिलिटर झाले की सुई निघते, कापसाचा बोळा लागतो, कॉफी-बिस्किटं हातात येतात. या गडबडीत पिशवीसोबत भरलेल्या लहानशा नळ्यांकडे आपलं लक्षही जात नाही. पिशवी मात्र त्यांच्यासाठी खोळंबते. नळ्यांचा निकाल आल्याशिवाय रक्तपेढीतून ती कुणालाच देता येत नाही.

आज त्या नळीपाशी थांबू. एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

आपल्याकडे दान केलेलं रक्त पाच गोष्टींसाठी तपासणं सक्तीचं आहे: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीच्या नेहमीच्या चाचण्या मुख्यतः प्रतिपिंडं शोधतात. म्हणजे त्या शरीराला विचारतात, ‘कुणी घुसलंय का?’ पण शरीराला हे कळायला वेळ लागतो. एचआयव्हीचं उत्तर द्यायला साधारण तीन आठवडे, हिपॅटायटिस सीचं द्यायला दोन महिन्यांच्या आसपास. या मधल्या काळाला विंडो पीरियड म्हणतात. माणूस ठणठणीत असतो, हौसेनं शिबिराला येतो.

हे जरा मनात घोळू द्या. तो खोटं बोलत नाही. त्याच्या शरीरालाच अजून पत्ता नाही.

नॅट चाचणी शरीराला विचारत बसत नाही. ती थेट विषाणूच्या जनुकीय धाग्याचा तुकडा शोधते. तिची एक रीत म्हणजे पीसीआर. ती 1983 मध्ये कॅरी मुलिस यांना सुचली आणि 1993 मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं. यंत्र नमुना तापवतं, निववतं, पुन्हा तापवतं. दर फेरीला तुकड्यांची संख्या जवळजवळ दुप्पट होते.

श्वासाबरोबर मोजून पाहू. नळीत एकच तुकडा आहे असं धरा. श्वास घ्या, सोडा: दोन. पुन्हा: चार. आठ. सोळा. घाई नको. दहाव्या श्वासाला 1024. विसाव्याला दहा लाखांच्या वर. तिसाव्याला 107 कोटी. एकटा होता तोवर जो दिसत नव्हता, त्याला आता लपायला जागा उरत नाही. एचआयव्हीचे तीन आठवडे दहा-बारा दिवसांवर येतात, हिपॅटायटिस सीचे दोन महिने आठवड्याभरावर.

थॅलेसेमिया झालेल्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. दर वेळी पिशवी वेगळ्या माणसाची, आणि दर पिशवीगणिक तोच धोका नव्यानं. त्याच्या आईसाठी हे वाचलेले दिवस केवढे असतील, याचा विचार करा. नॅट महाग आहे, आणि देशभर सक्तीची नाही. काही रक्तपेढ्या ती करतात, काहींना परवडत नाही.

आता पुन्हा मोजू. या वेळी सुरुवात वेगळी. लागण परवाच झाली आहे आणि नळीतल्या रक्तात विषाणूचा एकही तुकडा अजून आलेला नाही. शून्य. श्वास घ्या, सोडा. शून्याची दुप्पट शून्य. दहाव्या श्वासाला शून्य. तिसाव्यालाही शून्यच.

यंत्राचं काम इथे संपतं.

शिबिराच्या दाराशी एक टेबल होतं, आठवतं? दोऱ्यानं बांधलेलं पेन, मागे रेटणारे मित्र, आणि प्रश्नांचा अर्ज. गेल्या वर्षभरात गोंदवून घेतलंय का? जोखमीचा शरीरसंबंध? आपण न वाचताच ‘नाही’, ‘नाही’ करत खाली उतरलो होतो.

पुढच्या वेळी तिथे एक श्वास थांबा. उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा आणि त्या दिवशी चेंडू न दाबताच घरी या.

बोटं अजून कोपराशीच आहेत ना? जरा दाबून पाहा, नाडी लागेल. आपल्यातून काय वाहतंय हे तिला ठाऊक नसतं. परवा काय झालं, ते तुम्हाला ठाऊक असतं.